फायब्रॉइडच्या दुर्बिणीच्या उपचारांनंतरचं रोजचं जगणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्त्रीरोग विभागात समुपदेशक आहे. ऑपरेशनच्या आधी बायकांशी बोलणं आणि नंतर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनी, वर्षाने फोन करून ‘कसं चाललंय?’ असं विचारणं, हे माझं काम. सहा वर्षांपूर्वी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, माझ्याही गर्भाशयातून तीन गाठी दुर्बिणीतून काढल्या. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. खालचे प्रश्न बायकांनी (आणि कधी त्यांच्या नवऱ्यांनी, लेकींनी) विचारले तसेच ठेवले आहेत. तुमची सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट ज्या डॉक्टरांनी पाहिलेत त्यांनी वेगळं काही सांगितलं असेल, तर त्यांचं ऐका.

डॉक्टरांनी चार-पाच नावं सांगितली. ‘दुर्बिणीचं’ म्हणजे त्यातलं नक्की कोणतं?

फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची गाठ. ती कुठे बसली आहे यावर सगळं ठरतं. आतल्या पोकळीत डोकावणारी दोन सेंटीमीटरची गाठ बाईला रक्ताने न्हाऊ घालते आणि बाहेरच्या बाजूला लोंबणारी सहा सेंटीमीटरची गाठ वर्षानुवर्षं गप्प बसते. म्हणून शेजारणीची आणि तुमची गाठ ‘तेवढीच’ असली तरी उपचार वेगळे असू शकतात.

पोकळीतली गाठ योनीमार्गाने बारीक दुर्बीण घालून काढतात. ही हिस्टेरोस्कोपी. पोटावर एकही टाका नसतो, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात. भिंतीतली किंवा बाहेरची गाठ पोटावर तीन-चार छिद्रं पाडून काढतात आणि गर्भाशय आतून शिवतात. ही लॅप्रोस्कोपिक मायोमेक्टमी, माझी झाली ती.

तिसरा मार्ग एम्बोलायझेशनचा, यात दुर्बीण नसते. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी गर्भाशयाच्या रक्तवाहिनीपर्यंत नेतात आणि वाळूसारखे बारीक कण सोडून गाठीचं रक्त तोडतात. गाठ उपाशी राहते आणि महिन्यामहिन्याने आक्रसत जाते. याची सुरुवात मला फार आवडते. पॅरिसमध्ये जाक राव्हिना आणि त्यांचे सहकारी ऑपरेशनमध्ये रक्त कमी जावं म्हणून आधी ही रक्तवाहिनी बंद करून ठेवत. ऑपरेशनची वाट पाहणाऱ्या काही बायकांचा त्रास तेवढ्यानेच इतका कमी झाला, की त्यांना पुढचं ऑपरेशन नकोसं झालं. १९९५ मध्ये त्यांनी हे जगापुढे मांडलं. म्हणजे हा उपचार डॉक्टरांना बायकांनी दाखवून दिला, असं मी म्हणते.

चौथा हायफू, म्हणजे पोटाबाहेरून ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटून गाठ तापवणं. एमआरआयमध्ये बघत बघत करायच्या अशा यंत्राला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. सगळ्याच गाठींना तो चालत नाही. आणि पाचवं, दुर्बिणीतून अख्खी पिशवी काढणं. छिद्रं छोटी असतात म्हणून त्यालाही लोक ‘छोटं ऑपरेशन’ म्हणतात. ते छोटं नाही. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

त्रास कमी झाला हे मोजायचं कसं? मला तर सवयच झाली होती.

सवय झाली होती, हेच तर दुखणं. ‘पाळी कशी आहे?’ असं विचारलं की बाई म्हणते, ‘नॉर्मल आहे.’ मग मी विचारते, रात्री गादीवर काय अंथरता? काळ्या रंगाशिवाय दुसरा ड्रेस त्या चार दिवसांत घालता? लांबच्या एसटीने जायचं असेल तर वाटेत कुठे थांबते हे आधी विचारून ठेवता? सत्यनारायणाची तारीख कुणाच्या पाळीवरून ठरते? तिथे गप्प होतात.

डॉक्टरांनीही हे मोजायचं माप केलं आहे. फायब्रॉइड असलेल्या बायकांसाठीच २००२ मध्ये अमेरिकेत एक प्रश्नावली तयार झाली. तिच्यात ३७ प्रश्न आहेत: ८ त्रासाचे आणि २९ जगण्याचे. कपड्यांची धास्ती, प्रवास, कामाचा उरक, चिडचिड, पोट दिसतं म्हणून वाटणारी लाज, शरीरसंबंध हे सगळं त्यात येतं. मागच्या तीन महिन्यांचा विचार करून उत्तरं द्यायची आणि शंभरपैकी गुण काढायचे. सोनोग्राफी गाठ मोजते आणि ही प्रश्नावली बाई मोजते.

तुम्हाला घरी एवढं करता येईल: उपचाराआधीच्या दोन पाळ्यांत आणि नंतरच्या सहा पाळ्यांत कॅलेंडरवर रोजचे पॅड, गुठळ्या पडल्या का, दुखण्याची गोळी लागली का, आणि कोणतं काम राहून गेलं ते लिहा. ‘राहून गेलेलं काम’ हा रकाना नक्की ठेवा.

खरंच इतका फरक पडतो का, की डॉक्टर सांगतात म्हणून?

पडतो. ब्रिटनमध्ये २५४ बायकांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० मध्ये छापून आले. काहींचं एम्बोलायझेशन केलं, काहींच्या गाठी काढल्या. सुरुवातीला वरच्या प्रश्नावलीत दोन्ही गटांचे गुण शंभरपैकी चाळीसच्या आसपास होते. दोन वर्षांनी एम्बोलायझेशनवाल्यांचे सरासरी ८० आणि गाठी काढलेल्यांचे ८४.६ झाले. गाठी काढलेल्यांचं थोडं जास्त बरं झालं, पण दोघींचंही आयुष्य दुपटीने सुधारलं. त्या चाचणीत पोट उघडून केलेली ऑपरेशनंही होती, फक्त दुर्बिणीची नव्हती, हेही सांगायला हवं.

त्याआधी २००७ मध्ये ब्रिटनच्याच दुसऱ्या चाचणीत एम्बोलायझेशनची तुलना शस्त्रक्रियेशी केली, त्यातही बहुतेकींची पिशवी काढलेली होती. वर्षाने दोन्हीकडच्या बायका सारख्याच समाधानाने जगत होत्या. दवाखान्यातला मुक्काम मात्र एम्बोलायझेशनला एक दिवस आणि शस्त्रक्रियेला पाच दिवस. नाण्याची दुसरी बाजू पाच वर्षांनी दिसली. एम्बोलायझेशन झालेल्यांपैकी ३२ टक्के बायकांना पुन्हा काहीतरी उपचार करून घ्यावे लागले, शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ४ टक्के होतं. नेदरलँड्समधल्या अशाच चाचणीत दहा वर्षांनी पाहिलं, तर एम्बोलायझेशन झालेल्या साधारण दोन तृतीयांश बायकांची पिशवी वाचली होती.

हे आकडे मी प्रत्येकीला सांगते. लवकर घरी जायचंय की पुन्हा कधी दवाखान्याची पायरी चढायची नाही, यातलं तुम्हाला काय महत्त्वाचं, हे तुम्हीच ठरवायचं आहे.

टाके तर तीनच आहेत. पोळ्या कधीपासून लाटू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि तो ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं. ‘केव्हा बरं वाटेल’ असं विचारायच्या आधी बाई पोळ्यांचं विचारते.

पोटावरची भोकं अर्धा-एक सेंटीमीटरची असतात. आत मात्र गर्भाशयाची भिंत चिरलेली असते, गाठ सोलून काढलेली असते आणि ती जागा थरावर थर घालून शिवलेली असते. ती भरायला जो वेळ लागतो तो पोट उघडून केलं काय किंवा दुर्बिणीतून केलं काय, फारसा बदलत नाही. बाहेरची जखम लहान, म्हणून दुखणं कमी, दवाखाना एक-दोन दिवसांचा, आणि चालायला-फिरायला लवकर येतं. हा मोठाच फायदा आहे. पण घरातल्यांना बँडेजच्या तीन चिकटपट्ट्या दिसतात आणि तेवढंच ऑपरेशन झालंय असं त्यांना वाटतं. सिझेरियन झालेल्या बाईला सव्वा महिना मिळतो, हिला चौथ्या दिवशी चहा टाकायला सांगतात. माझ्या बाबतीत हेच झालं. कुणी वाईट नव्हतं, कुणी बोललंही नाही. मीच पाचव्या दिवशी उठून कणीक मळली, कारण सगळे माझ्याकडे ‘बरी दिसतेयस’ म्हणून बघत होते. संध्याकाळी ओटीपोटात अशी कळ आली की तासभर सरळ उभं राहता येईना.

दुर्बिणीतून गाठी काढल्या असतील किंवा पिशवी काढली असेल, तर ढोबळ मानाने असं:

पहिल्या दिवसापासून चाला, घरातल्या घरात, दिवसातून पाच-सहा वेळा. पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून हे आवश्यक आहे. दुसऱ्या आठवड्यात उभ्याने होणारं हलकं काम, म्हणजे भाजी चिरणं, फोडणी टाकणं, कपड्यांच्या घड्या, जमेल तेवढं. कणीक मळणं आणि पोळ्या लाटणं यात पोटावर चांगलाच ताण येतो, तीन-चार आठवडे थांबा. उकिडवं बसून भांडी घासणं, फरशी पुसणं, हाताने धुणं, पाण्याचा हंडा किंवा बादली उचलणं हे सहा आठवडे नाही. चार-पाच किलोंपेक्षा जास्त वजन नको, आणि पाण्याने भरलेला मोठा कुकर सहज तेवढा भरतो. भरलेला गॅसचा सिलिंडर तीस किलोंच्या घरात जातो, तो तर सरकवायचाही नाही. दीड-दोन वर्षांचं मूल कडेवर घ्यायचं असेल तर तुम्ही बसा, त्याला मांडीवर चढू द्या.

बैठ्या नोकरीवर दोन ते चार आठवड्यांत जाता येतं. लोकलच्या गर्दीतून किंवा खड्ड्यांच्या रस्त्याने दुचाकीवर जायचं असेल तर त्यात आठवडाभर आणखी धरा. शेतात निंदणी-खुरपणी, ऊसतोड, भाजीचं ओझं वाहणं अशी कामं असतील, तर डॉक्टरांकडून सहा ते आठ आठवड्यांची चिठ्ठी लिहून घ्या आणि ती घरात सगळ्यांना वाचून दाखवा. चिठ्ठीचं वजन बाईच्या शब्दापेक्षा जास्त पडतं, तेव्हा ते वापरून घ्या.

हिस्टेरोस्कोपी झालेली असेल तर हे सगळं लागू नाही. दोन-तीन दिवसांत बहुतेकजणी कामाला लागतात. एम्बोलायझेशननंतर एक ते दोन आठवडे धरा.

नवऱ्याचा फोन: ‘ती सांगत नाही. मी घरात नेमकं काय करू?’

असे फोन आता येऊ लागलेत, आणि मला मनापासून बरं वाटतं. दादा, विचारत बसू नका. सिलिंडर, पाणी, धुणं आणि बाजार ही चार कामं दीड महिन्यासाठी तुमची. पोळ्यांना बाई लावा किंवा विकत आणा. तिची लोहाची गोळी तुमच्या मोबाइलच्या गजरावर ठेवा. आणि ‘बरी दिसतेयस’ ऐवजी ‘आज किती दुखतंय?’ असं विचारा.

ऑपरेशन पोटाचं, मग खांदा का दुखतोय?

पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्यातला थोडा आत राहतो आणि पोट व छातीमधल्या पडद्याला टोचतो, तिथली संवेदना खांद्यात उमटते. दोन-तीन दिवसांत जातं. चालल्याने, कोमट पाणी पिण्याने आणि साध्या वेदनाशामक गोळीने आराम पडतो. दुखण्याबरोबर धाप लागत असेल तर मात्र वाट बघू नका.

एम्बोलायझेशननंतर तापच आला. काही बिघडलं का?

बहुतेक वेळा नाही. रक्त तुटलेली गाठ मरते, तेव्हा अंगात कणकण, मळमळ, कंटाळा आणि पोटात कळा येतात. पहिले बारा-चोवीस तास दुखणं खूप असतं, त्याची कल्पना आधी दिली नसेल तर बाई घाबरून जाते. आठवड्याभरात हे ओसरतं. पण आठ-दहा दिवसांनी नव्याने ताप चढला, अंगावरून घाण वासाचं जाऊ लागलं, तर आत जंतुसंसर्ग असू शकतो. लगेच दाखवा. थोड्या बायकांच्या बाबतीत आक्रसलेली गाठ काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मांसाच्या तुकड्यासारखी बाहेर पडते. ते बघून भीती वाटणं साहजिक आहे. तुकडा डब्यात घालून दवाखान्यात घेऊन या.

पुढची पाळी कशी येईल?

पहिल्या एक-दोन पाळ्यांवरून काही ठरवू नका. गाठी काढल्यानंतर पाळी आठवडाभर पुढे-मागे होऊ शकते. एम्बोलायझेशननंतर फरक हळूहळू पडतो आणि सहा ते बारा महिन्यांत गाठीचं आकारमान साधारण निम्म्यावर येतं. पंचेचाळिशीच्या पुढे असाल तर एम्बोलायझेशननंतर पाळी कायमची थांबण्याची शक्यता असते, हे आधीच विचारून घ्या. सणासाठी, विशेषतः गौरी-गणपतीत, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेण्याची आपल्याकडे सवय आहे. निदान पहिले सहा महिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. उपचार लागू पडला की नाही हेच त्यामुळे कळेनासं होतं.

गाठ गेली, पाळी कमी झाली, तरी मी अजून थकलेलीच का?

कारण तुमचं रक्त अजून भरून आलेलं नाही. ही गोष्ट इतकी सर्रास राहून जाते, की हे पान लिहिण्याचं अर्धं कारण तेच आहे.

साधारण पाळीत तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर गेलं की ती जास्त पाळी. फायब्रॉइडची बाई वर्षानुवर्षं त्याच्याही वर जात राहते आणि शरीर आधी साठवणीतलं लोह खातं, मग हिमोग्लोबिन उतरतं. त्यात आपल्याकडे मुळातच खड्डा आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. आठ-साडेआठ हिमोग्लोबिन घेऊन बायका जिने चढतात, मुलांचे डबे करतात आणि ‘वय झालं’ म्हणतात. चाळीस हे वय होण्याचं वय नाही.

ऑपरेशनने गळती बंद होते. टाकी आपोआप भरत नाही. लोहाच्या गोळीने महिन्याला एक-दोन अंकांनी हिमोग्लोबिन चढतं. ते बारावर पोचलं की गोळी थांबवायची नाही, पुढे आणखी तीन महिने घ्यायची, तेव्हा कुठे साठा भरतो. फेरिटिनची तपासणी केली तर साठ्याचा अंदाज येतो. गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहाच्या आधी-नंतर तास-दीड तास सोडा. दूध आणि कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. लिंबू पाणी किंवा आवळ्याबरोबर घेतली तर अंगी लागते. शौचाला काळं होतं, ते ठीक आहे. गोळी पोटाला सोसत नसेल तर दिवसाआड घ्यायची मुभा असते, किंवा शिरेतून लोह देता येतं. डॉक्टरांना सांगा, गुपचूप बंद करू नका. अळिवाचे लाडू, खारीक, नाचणी, पालेभाज्या जरूर खा, पण त्यांच्यावर आठचं बारा होत नाही.

माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने सहा महिन्यांनी मला सांगितलं, ‘ताई, मी इतकी वर्षं वर्गात बसून शिकवत होते आणि मला वाटायचं मी आळशी झालेय.’ तिचं हिमोग्लोबिन तेव्हा साडेबारा झालं होतं.

पोटाचा घेर, सारखी लघवी, बद्धकोष्ठ हे जातं का?

गाठ दाबत होती म्हणून होत असेल तर जातं. गाठ काढली असेल तर लघवीतला फरक आठवड्याभरात कळतो, एम्बोलायझेशन किंवा हायफूनंतर काही महिने लागतात. पोटाची चरबी आणि सैल स्नायू मात्र गाठीबरोबर जात नाहीत. बद्धकोष्ठ ऑपरेशननंतर काही दिवस वाढतं, लोहाच्या गोळीने आणखी. पाणी, पपई, गरज पडली तर इसबगोल. कुंथू नका.

शरीरसंबंध कधीपासून? हे कुणाला विचारायचं तेच कळत नाही.

मला विचारा, डॉक्टरांना विचारा, यात लाजण्यासारखं काही नाही. हिस्टेरोस्कोपी किंवा एम्बोलायझेशननंतर रक्त-पाणी थांबलं की साधारण दोन आठवड्यांनी. लॅप्रोस्कोपीने गाठी काढल्यावर तीन-चार आठवड्यांनी. पिशवी काढली असेल तर योनीच्या वरच्या टोकाला टाके असतात, ते पक्के भरेपर्यंत सहा ते आठ आठवडे, आणि एकदा तपासून घेतल्यावरच.

अनेकींना पूर्वी दुखत असतं, गाठ गेल्यावर ते थांबतं. मोठा फरक पडतो तो रक्तस्रावाची धास्ती गेल्याने. कोरडेपणा वाटत असेल तर साधं जेल मिळतं. नवऱ्याला ‘आता काही होणार नाही ना?’ अशी भीती असते, म्हणून त्याला तपासणीला सोबत घेऊन या.

मला मूल हवंय. यातलं काय करू?

मूल हवं असेल तर बहुतेक वेळा गाठ काढणं हा पहिला पर्याय असतो. एम्बोलायझेशननंतर गरोदरपण राहतं, राहिलेलं आहे, पण गर्भाशयाच्या आणि अंडाशयाच्या रक्तपुरवठ्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून तो मार्ग सहसा पहिला सुचवत नाहीत. गाठी काढल्यावर तीन ते सहा महिने थांबायला सांगतात. पोकळीपर्यंत खोल चिरावं लागलं असेल, तर कळांमध्ये ती जागा फाटण्याचा धोका थोडा असतो, म्हणून अशा वेळी सिझेरियन ठरवतात. ऑपरेशनचा कागद, ज्यात किती गाठी, कुठे, किती खोल हे लिहिलेलं असतं, तो जपून ठेवा. बाळंतपण दुसऱ्या गावात, माहेरी, झालं तर तो कागदच बोलतो.

आणि मूल नको असेल तर गर्भनिरोधन चालू ठेवा. गाठीवर उपचार झाले म्हणजे दिवस राहत नाहीत, हा गैरसमज आहे.

गाठी परत येतात का?

काढलेली गाठ परत येत नाही. दुसऱ्या वाढू शकतात. पाच वर्षांनी सोनोग्राफी केली तर जवळपास निम्म्या बायकांच्या गर्भाशयात पुन्हा काहीतरी दिसतं, पण त्यातल्या बऱ्याच गाठी लहान आणि मुक्या असतात. रिपोर्टमध्ये ‘फायब्रॉइड’ हा शब्द पुन्हा दिसला की बाई खचते. रिपोर्ट बाजूला ठेवा आणि कॅलेंडर काढा: पॅड वाढलेत का, काम राहतंय का? नसेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा बघायचं. पाळी कायमची गेली की गाठी सहसा आपोआप आक्रसतात. वय सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस असेल, तर किती वर्षं रेटायची आहेत याचा हिशेब डॉक्टरांबरोबर बसून करा.

काढ्याने, हळदीने, कुठल्या गावच्या औषधाने गाठ विरघळते का, हेही इथेच विचारतात. विरघळते असा भक्कम पुरावा नाही. त्यात गेलेल्या वर्षांत हिमोग्लोबिन उतरतं, हे मात्र मी रोज बघते.

मुलं झाली आता. पिशवीच काढून टाकली तर कटकटच मिटेल ना?

काहींची मिटते, आणि त्या सुखाने राहतात. खूप मोठ्या, खूप गाठी असतील, इतर उपाय करून झाले असतील, पुन्हा उपचार नकोच असतील, तर विचार करून घेतलेला हा निर्णय चांगला असतो. पाळी बंद, गाठी परत येण्याचा प्रश्न नाही.

मला राग येतो तो ‘मुलं झाली, आता काय करायचीय पिशवी’ या वाक्याचा. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या कशा सर्रास काढल्या गेल्या हे २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. पाळीत कामाचा खाडा पडला की मजुरी कापली जाते, फडात ना संडास ना पाणी, आणि ‘काढली नाही तर कॅन्सर होईल’ अशी भीती. पंचवीस-तिशीतल्या बायका होत्या त्यांत. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अनावश्यक शस्त्रक्रियांबद्दलच्या याचिकेवर, केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असं सांगितलं. दुर्बीण आल्यामुळे हा प्रश्न सुटलेला नाही. काढणं सोपं झालं, की ‘काढून टाका’ म्हणणंही सोपं होतं.

म्हणून हे चार प्रश्न डॉक्टरांना विचारा. गाठ नेमकी कुठे आहे? गाठ तेवढी काढता येईल का किंवा एम्बोलायझेशन होईल का, नसेल तर का नाही? अंडाशय ठेवणार की काढणार? गर्भाशयाच्या मुखाचं काय करणार? यातला तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. अंडाशयही काढले तर पाळी जाण्याचा काळ एका रात्रीत येतो: अंगाची आग, झोप उडणं, पुढे हाडं ठिसूळ होणं, हृदयावरही परिणाम. अंडाशय ठेवले तरी तो काळ थोडा लवकर येऊ शकतो, पण हळूहळू. कॅन्सरचा धोका नसलेल्या चाळिशीच्या बाईचे चांगले अंडाशय ‘हात फिरता आहे तर’ म्हणून काढू देऊ नका. आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं म्हणून पहिल्यांचा अपमान होत नाही.

गाठ कॅन्सरची तर नाही?

फायब्रॉइड कॅन्सरची गाठ नसते. क्वचित, फार क्वचित, फायब्रॉइड समजून काढलेल्या गाठीत सार्कोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, सापडतो. दुर्बिणीतून गाठ बाहेर काढताना तिचे यंत्राने तुकडे करावे लागतात, आणि अशा लपलेल्या सार्कोमाचे कण पोटात पसरू शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये त्या यंत्राबद्दल इशारा दिला. तुमच्या डॉक्टरांना विचारा: तुकडे पोटात मोकळे न करता, त्यासाठी आत घातलेल्या बंद थैलीत करणार का? आणि गाठीचा तपासणी रिपोर्ट, म्हणजे बायोप्सी, हातात घेतल्याशिवाय फाइल बंद करू नका. पाळी गेल्यावर गाठ वाढली किंवा रक्त दिसलं, तर त्याच आठवड्यात दाखवा.

सगळं नीट झालंय, तरी रडू येतं.

येतं. भूल, अपुरी झोप, कमी रक्त, संप्रेरकांची उलथापालथ, आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेलं. पिशवी काढलेल्या काहीजणींना आपण ‘रिकाम्या’ झालो असं वाटतं, मुलं मोठी असली तरीही. काहींना उलट इतकं हलकं वाटतं की त्याचीच लाज वाटते. दोन्ही खरं आहे, दोन्ही बोलून दाखवा. दोन-तीन आठवड्यांनंतरही रोज रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर आम्हाला सांगा. त्यावरही उपचार आहेत.

विमा मिळतो का?

बहुतेक आरोग्य विम्यांत मिळतो, पण फायब्रॉइड आणि गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी अनेक पॉलिसींमध्ये दोन वर्षांची प्रतीक्षा मुदत असते. एम्बोलायझेशन आणि हायफूबद्दल लेखी होकार आधीच घ्या.

माझ्या आईला होतं, मला झालं. लेकीला होईल का?

आई किंवा बहिणीला असेल तर शक्यता वाढते. घाबरवू नका. तिच्या पाळीबद्दल मोकळेपणाने बोला आणि ‘आमच्याकडे सगळ्यांची अशीच जाते’ हे वाक्य घरातून काढून टाका. कपडे खराब होतात म्हणून ती शाळा-कॉलेज बुडवत असेल तर हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी करून घ्या.

फोन कधी करायचा? उगाच त्रास नको द्यायला.

तासाभरात पॅड पूर्ण भिजतोय आणि असं सलग दोन तास. ताप १००.४ च्या वर. कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढतंय. पोट फुगलंय, वारा सरत नाही, उलट्या होतात. लघवी होत नाही, किंवा खालून नकळत पाण्यासारखं सतत गळतंय. एका पायाची पोटरी सुजून दुखतेय. धाप लागतेय, छातीत दुखतंय. टाक्यांतून पू, किंवा अंगावरून दुर्गंधी.

यातलं एकही असेल तर दवाखान्याच्या नंबरवर फोन करा आणि निघा. धाप आणि छातीत दुखणं असेल तर आधी १०८ लावा. रात्रीचे दोन वाजले असतील, घरात पाहुणे असतील, दुसऱ्या दिवशी कुणाची परीक्षा असेल, तरी सकाळची वाट पाहू नका. ऑपरेशन झाल्याचा कागद पर्समध्येच ठेवा, म्हणजे जवळच्या कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी तुमचं काय झालंय हे त्यांना पहिल्या मिनिटात कळेल.